तांबं होणारे खिळे

खिळा पाण्यात पडल्यापासून चौथ्या मिनिटाला त्याच्या टोकावर लालसर झाक आली. दहाव्या मिनिटाला तो डोक्यापर्यंत तांब्याच्या रंगाचा झाला. खाणीच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी घड्याळ लावून पाहिलं होतं.

डोंगराच्या पायथ्याशी फुटलेल्या झऱ्याभोवती गर्दीने हात जोडले.

"लोखंडाचं तांबं होतं, तिथे तुमच्या दुखण्याचं काय घेऊन बसलात?" खिळा उंच धरून झऱ्याचे बाबा म्हणाले. "सकाळी उपाशीपोटी एक पेला. मळमळलं, तर समजा दुखणं निघायला लागलं."

"मग माझी जुनी सायकलच आणून बुडवतो," मागून एक निवृत्त खाणकामगार म्हणाला.

"ज्याची श्रद्धा गंजली, त्याची सायकलही गंजते." लोक हसले.

बाईंना हसू आलं नाही. त्यांच्या सासूबाई गुडघ्यांसाठी नऊ दिवस हे पाणी पीत होत्या आणि चार दिवसांपासून त्यांच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. "पिऊ नका," एवढंच बाई घरात सांगत. का, ते सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. खाणीच्या प्रयोगशाळेत पाणी तपासणं हे त्यांचं काम. बंद बोगद्यातलं पाणी डोंगरातून झिरपतंय, असा अहवाल त्यांनी दोन वर्षांपूर्वी लिहिला होता. "तूर्त राहू द्या," म्हणून साहेबांनी तो परत केला. नोकरी खाणीची, राहतं घरही खाणीचं. बाईंनी तोंडाला कुलूप लावलं.

आताही सासूबाईंनी झऱ्याखाली पेला पुढे केला.

"बाबा, तो खिळा द्या जरा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतून कानस काढली. चार वेळा घासल्यावर तांबूस पापुद्रा निघाला. आत करडं लोखंड चमकलं.

"बाई, देवाची परीक्षा बघू नये."

"मी खिळ्याची बघतेय." त्यांनी एक बाटली वर धरली. आतला खिळा काडीसारखा बारीक झाला होता, तळाशी तांबडा चिखल. "हा तीन दिवस याच पाण्यात होता. लोखंडाचं तांबं होत नाही. लोखंड विरघळून जातं आणि पाण्यातलं तांबं त्याच्या जागी बसतं."

"पण पाण्यात तांबं आलं कुठून?" कामगाराने विचारलं.

"खडकात जीवाणू असतात. डोळ्यांना दिसत नाहीत. अंधारात, दगडातल्या लोखंडावर आणि गंधकावर जगतात. त्यातून आम्ल होतं, आणि आम्लात तांबं विरघळतं."

म्हाताऱ्या कामगाराने बाटली हातात घेऊन हलवली. "म्हणजे हा आपल्या खाणीतला तांब्याचा हौदच की. आम्ही त्यात लोखंडी भंगाराचे डबे टाकायचो आणि आठवड्याने तांब्याचा चिखल उपसायचो." तो बाबांकडे वळला. "अन् हौदावर पाळी तुझीच असायची ना रे?"

बाबा झऱ्यापासून दोन पावलं मागे सरले.

"मग मी इतके दिवस प्यायले काय?" सासूबाईंनी विचारलं.

"आम्ल आणि तांबं, आई. इथून सरळ दवाखान्यात जायचं." बाई गर्दीकडे वळल्या. "डोळ्यांसमोर काही बदललं, तर का बदललं ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत निदान पिऊ तरी नका."

"तुला हे कधीपासून माहीत होतं?" सासूबाईंचा आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

बाईंना त्यांच्याकडे बघवेना, तरी त्यांनी पाहिलं.

"दोन वर्षांपासून. हे पाणी खाणीचं आहे. तसा अहवाल मी लिहिला आणि साहेबांच्या शब्दाखातर दाबून ठेवला. तुम्हाला दवाखान्यात पोचवलं, की मी तो स्वतः आरोग्य खात्यात नेऊन देणार आहे."