हनुमंताचं गाणं

धाकट्या भावाचा, सुमितचा व्हिडिओ हनुमंतानं सकाळपासून अकरा वेळा पाहिला आणि अकराही वेळा त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

सुमित कारेगावला राहतो, कंपनीत सुपरवायझर आहे. कंपनीच्या कार्यक्रमात कडक इस्त्रीचा शर्ट घालून त्यानं माईकवर गाणं म्हटलं, ‘काळं माझं सोनं, त्याचं टपोरं डोळं’. वर सांगितलं काय, तर हे माझं पहिलं आवडतं गाणं, माझी आई फक्त माझ्यासाठी म्हणायची. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईनं तर डोळे पुसले.

फक्त माझ्यासाठी म्हणे! हनुमंत चार वर्षांचा असताना पहाटे गोठ्यात आई धार काढायची आणि तो पेला घेऊन तिच्या पाठीला चिकटून बसायचा. तिच्या पाठीतून ते गाणं त्याच्या छातीत उतरायचं. तेव्हा सुमितचा जन्मही झाला नव्हता. शिवाय काळं सोनं म्हणजे कोण? सुमित तर गव्हासारखा गोरा. काळा हनुमंतच होता.

त्याला जळायला एवढं एकच कारण नव्हतं. वडगावात आईचं औषधपाणी, दवाखाना, सगळं तो बघायचा. सुमित दिवाळीला एक साडी घेऊन यायचा आणि ती साडी आई महिनाभर आळीतल्या बायकांना दाखवत फिरायची. तेही त्यानं गिळलं होतं. पण गाणं तो सोडणार नव्हता.

“अवो, विचारा की आईंनाच. मोबाईल झिजंल,” बायको म्हणाली.

वच्छलाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. हनुमंतानं व्हिडिओ त्यांच्या पुढ्यात धरला.

“आई, खरं सांग. ह्ये गानं तू कुनासाठी म्हनायचीस? माझ्यासाठी का त्याच्यासाठी?”

म्हातारीनं ते पुरतं ऐकलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

“आरं, म्हशीसाठी! लई नाठाळ व्हती. गानं म्हनल्याबिगर पान्हवायचीच न्हाई, दूध चोरून धरायची. सुमित्याच्या टायमाला तिची रेडी दुभती झाली, ती बी आईवरच गेलेली. मग तिला बी त्येच.”

हनुमंताचा चेहरा उतरला. भावावर जळणं एकवेळ ठीक होतं, आता म्हशीवर जळायची पाळी आली होती.

“आन् माझ्यासाठी कंचं म्हनायचीस?” त्याचा आवाज चार वर्षांच्या पोरासारखा निघाला.

वच्छलाबाईंनी जरा आठवून पाहिलं. “तुला कशाला रं गानं? तू कवा आडून बसलास? जे आडत्यात त्येंच्यासाठी गानं म्हनावं लागतं.”

त्या परत शेंगा फोडायला लागल्या. हनुमंत उठून लिंबाखाली जाऊन बसला. दुपारी बायकोनं जेवायला हाक मारली, तो गेला नाही. दुसऱ्यांदा मारली, तरी नाही. आज आईनं उठून यावं, पाठीवरून हात फिरवावा, चार शब्द गोडीचे बोलावेत, तोवर घास घ्यायचा नाही असं त्यानं ठरवलं होतं.

आतून आईचा आवाज आला, “ताट वाढून ठेव गं. यील त्यो. हनमंता हाय, त्याचं काय येवढं.”

हनुमंत लिंबाखालून उठला. मग हात धुऊन आत गेला आणि मुकाट्यानं जेवायला बसला.