सामाईक रानाची सही

चतुराबाईंनी कडुलिंबाच्या फांदीला बांधलेली प्लास्टिकची पिशवी खसकन सोडली. सकाळी सुनेनं ती पानांवर चढवून तोंड सुतळीनं आवळलं होतं. आता तळाशी पळीभर पाणी साचलं होतं.

“तूच वतलंस.”

“नाय, आत्या. झाड मुळानं पितं अन् पानानं सोडतं.”

चतुराबाईंनी बोट बुडवून जिभेला लावलं. कडुलिंबाचं असून कडू नव्हतं.

“आमच्या घाटावर असं आख्खं रान हाय,” आशा म्हणाली. “समुद्राचा पाऊस तिथं पडतो. त्यातला कितीतरी रान परत हवेत सोडतं, अन् वारा पुढं घेऊन येतो. इकडं.”

“म्हंजे आमच्या बिडकीनला पाऊस तुझ्या बापाच्या मेहेरबानीनं! हेच ऐकायचं ऱ्हायलं होतं.”

आशा हसली आणि हसता हसताच तिनं तोंड फिरवलं. दुपारी तिचे भाऊ काकासाहेब कागद घेऊन येणार होते. वडलांनी ते रान दोघा भावंडांच्या नावे सामाईक ठेवलं होतं. आता लाकूडवाला उभी झाडं मागत होता. भावाची सही झाली होती, तिची राहिली होती. केली तर रान जाणार, नाही केली तर भाऊ.

“तिकडं माझं दुसरं कोण हाय, आत्या?”

चतुराबाईंनी पिशवीतलं पाणी झाडाच्या बुडाशी ओतलं आणि त्या आत गेल्या.

काकासाहेब आले, चहा झाला, कागद पुढं सरकला. आशानं पेन उचललं, पण ते कागदाला टेकेना. चतुराबाईंनी ते तिच्या बोटांतून काढून घेतलं.

“पाव्हणं, या घरात सून मला इचारल्याबिगर सही करत नाय. अन् मी म्हणते, नाय करायची.”

आशानं चमकून वर पाहिलं. लग्नाच्या सात वर्षांत बँकेत, पोरांच्या शाळेत, सही करताना तिनं कधी कुणाला विचारलं नव्हतं.

“मावशी, निदान तिला तरी बोलू द्या.”

“तिला कोण पुसतंय हितं? तिचा वाटा आता आमच्या घरचा. एक फांदी तोडू द्यायची नाय. लई शिकलेले असाल, तर कोर्टात जा.”

काकासाहेबांनी कागदाची घडी केली. फाटकापाशी बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून ते हळूच म्हणाले,

“कशी गं राहतेस या बाईजवळ? दिवाळीला ये. चार दिवस सुखाचे काढ.”

ओट्यावर ते ऐकू आलं. चतुराबाईंनी आवाज आणखी चढवला.

“आशे! कपबशा काय तुझा भाऊ घासणार व्हय?”