चहा प्यायलेला तांब्या

मित्रांनो, पोटात काहीही असलं तरी तोंड घट्ट मिटून ठेवायचं, हे माझं काम. मी एक जुना पितळी तांब्या आहे, फिरकीच्या झाकणाचा. जुन्या हुबळीतल्या एका बोळात आनंदा तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. धारवाडच्या कुसुमावतीबाईंच्या हाती देताना तो म्हणाला, "उलटा टांगा की! थेंब पडायचा नाही."

पुढे कितीतरी वर्षं प्रत्येक प्रवासात मी बाईंबरोबर असे. आगगाडीच्या डब्यातली अनोळखी माणसंसुद्धा म्हणायची, "काय चकाकतोय हो!" मग प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि मी माळ्यावर गेलो. तिथे माझ्या पोटात एक कोळी राहायला आला. काही दिवसांनी तोही कंटाळून निघून गेला.

१९९८च्या फेब्रुवारीत बाईंनी मला खाली काढलं. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्या आणि त्यांच्या दोन मैत्रिणी दर महिन्याला एक रविवार चालत. टप्प्याटप्प्याने थेट समुद्रापर्यंत जायचं ठरलं होतं. पण गेल्या टप्प्यात बाईंचा गुडघा दुखला आणि त्यांनी मधूनच बस धरली. वाटेची आखणी करणाऱ्या गोदावरीबाईंनी स्पष्टच सांगितलं, "अक्का, या खेपेला अळनावरपर्यंत चालून दाखवा. त्याच्यापुढं नुसतं जंगल आहे, तिथं बस नाही. मधेच थांबलात तर पुढच्या टप्प्याला मी तुम्हाला नेणार नाही."

बाईंनी जय्यत तयारी केली. मला कल्हई करून घेतली. झाकणात सायकलच्या ट्यूबची रबरी चकती कापून बसवली. पहाटे पाणी खळखळ उकळलं, तसंच माझ्यात ओतलं आणि झाकण करकचून लावलं. पाणी थंड राहावं म्हणून वरून ओलं फडकं गुंडाळलं.

"अक्का, वऱ्हाडात निघालात का हो?" मला पाहून दीपश्री हसली. ती टेलिफोन कचेरीत होती, तिघींत सर्वांत लहान.

"हसून घे. दुपारी तूच पाणी मागशील," बाई म्हणाल्या.

सकाळ मोठी मजेची गेली. ज्वारीच्या शेतांच्या बांधावरून, मग सागाच्या वाळक्या पानांवरून आम्ही चाललो. दीपश्रीने गाणी म्हटली आणि बाटलीतलं पाणी संपवलं. गोदावरीबाईंचंही संपलं. ज्या ओढ्यावर बाटल्या भरायच्या होत्या, तिथे नुसते गोटे होते. अळनावर अजून सहा किलोमीटर होतं.

"काढा अक्का तुमचा तांब्या!" दीपश्रीच म्हणाली.

बाईंनी झाकण फिरवलं. ते हललं नाही. दीपश्रीने मला मांड्यांत धरून जोर केला. गोदावरीबाईंनी पदर गुंडाळून पाहिलं. माझ्या पोटात दोन लिटर पाणी डुचमळत होतं आणि मी तोंड मिटून बसलो होतो.

"अय्यय्यो! दगडानं भोक पाडू या," दीपश्री म्हणाली आणि तिने एक चांगला टोकदार दगड उचललासुद्धा.

"नको. इथून खाली उतरलं की डांबरी रस्ता आहे. बस मिळेल," गोदावरीबाई म्हणाल्या. मग बाईंकडे न बघता हळूच पुढे म्हणाल्या, "टप्पा राहिला तर राहिला."

बाई खडकावर बसल्या. मला मांडीवर घेऊन झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि एकदम म्हणाल्या, "चूक माझीच. उकळतं पाणी भरलं, तेव्हा वरच्या जागेत वाफ होती. गार झाल्यावर वाफेचं पाणी झालं, आत पोकळी झाली. रबरामुळं बाहेरची हवा आत शिरली नाही, ती झाकण दाबून बसलीय. त्यात मी ओलं फडकं गुंडाळून आणखी गार केलं! गळ्याशी ऊब दिली पाहिजे."

"काडी ओढू?" दीपश्रीने विचारलं.

"या वाळक्या पानांत? वेडी की काय!"

बाईंची नजर गोदावरीबाईंच्या खांद्यावरच्या चहाच्या थर्मासवर गेली. गोदावरीबाईंनी तो छातीशी धरला.

"चहा? भांड्यावर? साक री, पुरे झालं! हा स्टेशनावर प्यायचा आहे."

"तीन कप चहावर सहा किलोमीटर होणार नाहीत, गोदावरी. नाही उघडलं तर मी मुकाट्याने बसमध्ये बसते. परत टप्प्याचं नाव काढणार नाही."

गोदावरीबाईंनी डोळे मिटले आणि चहा ओतला. आलं घातलेला, कढत चहा माझ्या गळ्यावरून ओघळला. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कुणी चहा पाजला नव्हता! आतली उरलीसुरली हवा तापली, फुगली. बाईंनी फडक्याने धरून झाकण फिरवलं.

फुस्स!

दीपश्रीने दगड फेकून दिला आणि पहिला घोट घेतला. "आल्याचा वास येतोय," ती म्हणाली आणि पुन्हा ओंजळ पुढे केली.

संध्याकाळी पाच वाजता आम्ही अळनावरच्या स्टेशनावर पोहोचलो. बाई लंगडत होत्या, पण चालत आल्या होत्या.

"पुढचा टप्पा बावीस किलोमीटरचा आहे, अक्का," गोदावरीबाई म्हणाल्या.

"मग चहा जास्त घ्या," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्या माळ्यावर माझ्यासारखं एखादं भांडं असेल, तर त्याला खाली काढा, चिंच लावून घासा. ते उघडलं नाही तर लगेच दगड शोधू नका. आम्ही हट्टी नसतो. जरा बसा, आणि आमच्या पोटात काय झालं असेल याचा विचार करा.