टोकाला टोक

"वय?" वाचनालयाच्या काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता विचारलं.

"एकसष्ट," चादरबाई म्हणाल्या.

आता मात्र बाईंनी मान वर केली आणि चष्म्यावरून नीट निरखून पाहिलं. "दिसत नाही हो तुमच्याकडे बघून."

"कष्टाचं शरीर आहे."

बाकीच्या बायका वय चोरतात. चादरबाईंनी चांगलं घसघशीत वाढवून सांगितलं आणि चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही. साठीच्या आतल्यांना घेत नाहीत, हे त्यांनी बाहेरच्या फलकावर वाचलं होतं. कॉलेजची मुलं दर शनिवारी एकट्या राहणाऱ्यांच्या घरी येतात, बसतात, लागेल ती मदत करतात, असंही तिथे लिहिलं होतं. खाली या भागाच्या गटप्रमुखाचं नाव होतं. ते नाव चादरबाईंनीच ठेवलेलं, नवऱ्याशी भांडून.

"घरात कोण कोण?"

"मी."

"मूलबाळ?"

"एक लेक आहे. शिकतेय."

"येत-जात नाही?"

"येते की. सवड झाली की येते."

हे उत्तर बाईंच्या रोजच्या ऐकण्यातलं असावं. त्यांनी नुसती मान डोलावली. "पहिल्या भेटीला गटप्रमुख स्वतः येते. बघून जाते. मग कुणाला पाठवायचं ते ठरवते."

"माहीत आहे," चादरबाई म्हणाल्या. त्याच्यासाठीच तर त्या आल्या होत्या.

हॉस्पिटलच्या धुलाईघरात त्यांना सगळे चादरबाईच म्हणत. धुवायला यंत्र, वाळवायला यंत्र, पण घडी घालायला अजून दोन माणसंच लागत. समोरासमोर उभं राहायचं, चार टोकं दोघींनी धरायची, मागे सरकून ताणायची, एक झटका द्यायचा आणि मग चालत जवळ यायचं. टोकाला टोक लागलं की एकीने सोडायचं, दुसरीने धरायचं.

घरीही शनिवारी चादरी निघत, आणि समोर लेक असे. आधी स्टुलावर उभी राहून, पुढे स्टुलाशिवाय. टोकं हातात देताना ती पटकन सोडायची नाही. आईची बोटं तशीच धरून ठेवायची आणि तेवढ्यात काहीतरी सांगून टाकायची. गणितात गचकले. मैत्रीण बोलत नाही. बाबा गेल्याचं मला रडूच येत नाही, असं का गं? समोर बसवून विचारलं असतं तर तोंडाला कुलूप. पण चादरीच्या टोकाशी सगळं बाहेर यायचं.

मग लेकीला शिष्यवृत्ती मिळाली. नुसत्या मार्कांवर मिळणारी नव्हती ती. लोकांसाठी काय केलंस, चार जणांना बरोबर घेऊन काय करून दाखवशील, असं विचारून देत. वसतिगृहात राहायचं, शनिवार सेवेचा, रविवार बैठकांचा. दुसऱ्या वर्षी गट सांभाळायचा. खाडे पडले तर शिष्यवृत्ती बंद. चादरबाईंनी धुलाईघरात पेढे वाटावेत तशी ती बातमी वाटली होती.

आता लेकीचा फोन यायचा. "आई, त्या कोपऱ्यावरच्या आजी इतक्या एकट्या आहेत ना. माझी वाट बघत दारातच उभ्या असतात."

"हो का," चादरबाई म्हणायच्या. त्याही तेव्हा दारातच उभ्या असायच्या, पण फोनवर ते दिसत नाही.

नाव द्यायची कल्पना मुळात धुलाईघरातल्या जोडीदारणीची. "लेक भेटत नाही म्हणून रडतेस कशाला? म्हाताऱ्यांत नाव दे तुझं. येईल झक मारत." दोघी पोट धरून हसल्या होत्या. जोडीदारीण नंतर विसरून गेली.

शनिवारी चादरबाईंनी पाळी बदलून घेतली. घर आवरलं. आवरून झाल्यावर वाटलं, एकट्या म्हातारीचं घर इतकं लख्ख शोभत नाही. म्हणून कपबशी तेवढी न धुता ठेवली. लेकीचा फोटो कपाटात ठेवला. ती स्वतःच येणार, मग फोटो कशाला? दोरीवरच्या दोन चादरींपैकी एक वाळलेली काढली आणि घडी न घालता खुर्चीवर टाकली.

बेल वाजली. दारात एक उंच मुलगी, खांद्यातून जरा वाकलेली.

"काकू, मी शनिवारची."

चादरबाईंनी तिच्या खांद्यावरून जिन्याकडे पाहिलं. "एकटीच? पहिल्यांदा प्रमुख येते ना?"

"एरवी ताई येते. या वेळी म्हणाली, तू जा. हे घर तिच्या नात्यातलं आहे म्हणे. नात्यात जायचं नाही असा नियम आहे आमच्यात. नाहीतर सगळे आपापल्या आजीकडे जाऊन लोळतील आणि सेवा केली म्हणून सांगतील." मुलगी स्वतःच हसली. "तुम्ही ताईच्या कोण लागता?"

चादरबाई क्षणभर दाराची कडी धरून उभ्या राहिल्या.

"लांबची," त्या म्हणाल्या. "ये आत. पाणी देते."

मुलगी खुर्चीच्या कडेवर टेकली. काही आणायचं आहे का? नाही. काही वाचून दाखवू? दिसतं मला. औषधं? घेत नाही. कपबशी धुऊ का? त्यावर चादरबाईंनी असं पाहिलं की मुलीने हात मागे घेतला. पंखा तेवढा कुरकुरत राहिला.

मग तिचं लक्ष पाठीमागच्या चादरीकडे गेलं. ती एकदम उठली, जणू परीक्षेत येणारा प्रश्न दिसला. "काकू, ही घडी करू या?"

"राहू दे गं. मी करीन."

"करू या ना. ताईने शिकवलंय. समोरचं माणूस बोलत नसलं तर प्रश्न विचारत बसायचं नाही, घरात चादर शोधायची. वसतिगृहाच्या गच्चीवर आम्हाला जोड्या लावून उभं केलं होतं तिने. मुलांनासुद्धा. इतके हसलो आम्ही. पण खरंच उपयोग होतो."

चादरबाईंनी दोन टोकं उचलली.

मागे सरकल्या. ताणली. झटका दिला. मुलीचा झटका जरा उशिरा आला. दोघी चालत जवळ आल्या, टोकाला टोक लागलं, आणि मुलीने सोडलं नाही. तिची बोटं गार होती, जिना चढून आलेल्या माणसाची नसतात इतकी. घाबरली असावी बिचारी.

"लगेच सोडायचं नसतं," मुलगी हळूच म्हणाली. मग विचारलं, "काकू, नीट जेवता ना तुम्ही?"

हो म्हणायला चादरबाईंनी तोंड उघडलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "एकटीसाठी चूल पेटवावीशी वाटत नाही. उभ्याउभ्या काहीतरी खाते. कधी तेही नाही."

बोलून झाल्यावर त्याच दचकल्या. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलीने काही उपदेश केला नाही. फक्त मान हलवली आणि मग टोकं सोडली.

संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"आई," लेक म्हणाली. "तुझं नाव बघितलं तेव्हा मला वाटलं, कुणाचातरी घोटाळा झालाय."

"झालाच आहे. वय जरा पुढे गेलं."

लेक हसली, पण हसू अर्ध्यातच राहिलं. "मला यायचं होतं गं. पण प्रमुखानेच नियम मोडला तर..."

"कळतं मला. पोरगी चांगली पाठवलीस. झटका द्यायला शिकव तिला, उशिरा देते."

"सांगते. आई, नाव काढावं लागेल तुझं. साठीची कुठे आहेस तू."

"काढ की. गंमत केली मी."

"हे शिबिर संपलं की येतेच. दोन दिवस राहीन."

"ये."

"जेवलीस?"

"जेवले," चादरबाई म्हणाल्या.

फोन ठेवून त्यांनी दोरीवर राहिलेली दुसरी चादर काढून आणली. दोन टोकं दाराच्या कडीत अडकवली, दोन हातात घेतली आणि मागे सरकत खोलीच्या भिंतीला टेकल्या. ताणली. झटका दिला. मग नेहमीसारख्या चालत दाराशी आल्या, टोकाला टोक लावलं, आणि कडीवरचा हात लगेच सोडला नाही.