मागच्या सीटचा विमा

डोळ्यांच्या डॉक्टरांनी "आता गाडी चालवायची नाही" असं सांगितलं, त्या दिवशी हेमचंद्र धारूरकर रिक्षानं घरी आले. त्यांची मोटारसायकल दवाखान्याबाहेरच राहिली. संध्याकाळी वहाब मेकॅनिकनं ती गारखेड्याला त्यांच्या घरी आणून पार्किंगमध्ये लावली आणि चावी त्यांच्या बायकोच्या, उमाच्या हातात दिली. साहेबांच्या हातात द्यायला त्याचं मन धजलं नाही.

हेमचंद्रांच्या डोळ्यांच्या पडद्याला सूज आली होती. समोर पाहिलं की मधलंच पुसल्यासारखं व्हायचं, कडेचं तेवढं दिसायचं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. उमा लासूर स्टेशन गावच्या शाळेत शिकवायची. सकाळच्या पॅसेंजरसाठी तिला रेल्वे स्टेशनवर सोडायचं आणि संध्याकाळी आणायचं, हे काम ते बारा वर्षं करत आले होते. आता ती रिक्षानं जाऊ लागली. इकडे हेमचंद्र रोज सकाळी पार्किंगमध्ये जाऊन किक मारायचे आणि पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून तिथंच उभे राहायचे. त्या उन्हाळ्यात नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं. गाडी धुवायचा प्रश्नच नव्हता. ते कोरड्या फडक्यानं हातानं चाचपत टाकी पुसायचे.

मार्चच्या एका रविवारी उमा म्हणाली, "अहो, मला शिकवा ना गाडी."

"तू? त्रेपन्नाव्या वर्षी?"

"शाळेत नवीन पुस्तक आलं की मी शिकतेच की."

बीड बायपासच्या पलीकडे तेव्हा शेतं मोडून प्लॉट पडत होते. दगड रोवलेले, मुरमाचे रस्ते आखलेले, घर एकही नाही. तिथं त्यांची शिकवणी सुरू झाली. वहाब गाडी तिथवर नेऊन द्यायचा. हेमचंद्र छत्री उघडून मोकळ्या प्लॉटच्या मधोमध उभे राहायचे आणि उमा त्यांच्याभोवती चकरा मारायची. त्यांना ती धड दिसत नव्हती. ते कानांनी शिकवायचे.

"क्लच लवकर सोडलास. हळू."

"तिसरा टाकला का? गाडी रडायलीय, दुसऱ्यात घे."

पहिल्या आठवड्यात गाडी अठरा वेळा बंद पडली. हेमचंद्र एकदाही चिडले नाहीत. वहाब कडेला दगडावर बसून बघायचा. एकदा म्हणाला, "मॅडम, साहेब मला असं कधी शिकवले नाहीत. मला नुसते ओरडतात."

वहाबचं गॅरेज औरंगपुऱ्यात, एका अरुंद गल्लीत होतं. गाडी नवी होती तेव्हापासून ती त्याच्याच हाताखाली होती. त्यानं उमाला चेन ढिली कशी ओळखायची ते दाखवलं, टायरवर अंगठा दाबायला लावला. एअर फिल्टर काढून झटकला तर मूठभर माती पडली.

"पाऊस नाय, सगळी धूळ हवेत. दर महिन्याला साफ करना मॅडम. और चेन को पानी नक्को, तेल होना."

उमानं ते वहीत लिहून घेतलं. एप्रिलच्या सुरुवातीला तिनं लायसनची परीक्षा दिली. आठाचा आकडा काढताना तिचे पाय टेकले नाहीत. घरी येऊन तिनं सांगितलं तेव्हा हेमचंद्र हसले आणि खाली जाऊन टाकी पुसून आले.

त्याच महिन्याच्या मध्यात विमा एजंट विश्वजित आला. विम्याची मुदत संपायला तीन आठवडे होते.

"काका, थर्ड पार्टीच करू की फुल? गाडी चौदा वर्षांची आहे. चोरीला गेली तरी हातात फार काही येणार नाही."

"थर्ड पार्टीच कर," हेमचंद्र म्हणाले. "दुसऱ्याला लागलं तर भरपाई मिळाली पाहिजे. आपलं आपण बघू."

विश्वजित जरा घुटमळला. "पण काका, यात मालकाच्या स्वतःच्या अपघाताचा विमा असतो. तो गाडी ज्याच्या नावावर आहे त्यालाच. काकू चालवतात, नाव तुमचं. काकूंना काही झालं तर काही मिळणार नाही. गाडी काकूंच्या नावावर करून घ्या."

हेमचंद्रांनी चष्मा काढून पुसला. "बघू," म्हणाले आणि उठून आत गेले.

उमानं तो विषय परत काढला नाही. तिला कळत होतं. घर दोघांच्या नावावर होतं, फोन तिच्या नावावर होता. ही गाडी तेवढी त्यांची एकट्याची होती. धरणांच्या कामावर असताना त्यांनी ती कुठंकुठं नेली होती. आता चावी गेली होती, कागदावरचं नाव उरलं होतं.

आठ दिवसांनी सकाळी उमा गाडीवरून स्टेशनला जात असताना शहानूरमियाँ दर्ग्याच्या चौकात पाण्याचा एक टँकर गळत पुढं गेला. कोरड्या धुळीवर पाणी पडून निसरडा चिखल झाला होता. उमानं ब्रेक दाबला आणि गाडी आडवी झाली. रिक्षावाल्यांनी धावत येऊन उचललं. कोपर खरचटलं होतं, गुडघा सुजला होता. तिनं गाडी परत चालू केली, पॅसेंजर गाठली, शाळेत दिवसभर लांब बाह्यांआड कोपर लपवलं आणि संध्याकाळी काही न झाल्यासारखी घरी आली.

हेमचंद्र गॅलरीत होते. गाडी फाटकातून आत आली आणि ते जिना उतरून खाली आले.

"कुठं पडलीस?"

"कोण म्हणालं?"

"सायलेन्सर वाजायलाय." ते खाली वाकले, हात फिरवत गेले. फूटरेस्ट वाकला होता, इंडिकेटरची काच नव्हती. मग उभं राहून त्यांनी तिचा हात धरला, आणि कोपराला बोट लागताच ती कळवळली.

वर आल्यावर त्यांनी स्वतः हळद गरम केली. गॅसपाशी पाठमोरे उभे राहून म्हणाले, "मी शिकवायलाच नको होतं."

"मग रिक्षा काय घसरली नसती का? अहो, पडले आणि उठले. ब्रेक कसा दाबायचा नाही ते आज कळलं."

ते वाटी घेऊन तिच्यासमोर बसले. हळद लावून झाल्यावर म्हणाले, "उद्या सुट्टी टाक. आरटीओत जायचंय."

आरटीओत गर्दी होती. खिडकीतल्या क्लार्कनं विकणाऱ्याची सही मागितली. हेमचंद्रांना कागदावरची रेघ दिसेना. उमानं त्यांचं बोट धरून रेघेवर टेकवलं, त्यांनी त्या बोटाला लागून सही केली. सही थोडी वर चढली.

"काका, बायकोलाच विकताय?" क्लार्कनं हसून विचारलं.

"तिच्याइतकी नीट कोण ठेवणार," हेमचंद्र म्हणाले.

उमाच्या नावाचं गाडीचं नवीन कार्ड आठवड्याभरात आलं आणि विश्वजित अर्ज घेऊन परत बसला. "काकू, थर्ड पार्टी, तुमचा अपघात विमा. झालं ना?"

"मागं बसणाऱ्याचा पण असतो म्हणे."

"असतो. वेगळा घ्यावा लागतो."

"घाल तो."

हेमचंद्र म्हणाले, "गाडीला फुल विमा नको म्हणालो आणि माझा कशाला?"

"गाडी गेली तर दुसरी मिळंल," उमा अर्जावर सही करत म्हणाली.

विश्वजित कागद गोळा करण्यात गुंतला. हेमचंद्र उगाच पाणी प्यायला उठले.

रविवारी ती दोघं हेल्मेट घ्यायला औरंगपुऱ्यात गेली, ती पुढं, ते मागं. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी सवयीनं "दुसऱ्यात घे" म्हटलं, पण तिनं आधीच घेतली होती. दुकानदारानं काळं हेल्मेट काढलं. हेमचंद्रांनी ते हातात फिरवून परत दिलं.

"लाल आहे का? काळं घरात कुठं ठेवलं ते मला सापडायचं नाही."

लाल एकच होतं, जरा घट्ट बसत होतं. उमानं त्यांच्या हनुवटीखाली पट्टा लावला, चष्म्याच्या काड्या नीट बसवल्या आणि विचारलं, "आता कुठं जायचं?"

"लांबनं घे," ते म्हणाले. "घाई नाही."