सुतकातली सही

"आत गेलो होतो, एवढंच म्हणायचं," मालवण कोर्टाच्या ओसरीवर वकिलांनी गणपतला तिसऱ्यांदा बजावलं. "परशुरामांनी माझ्यासमोर सही केली, मी त्यांच्यासमोर केली. संपलं."

गणपतने मान डोलवली. आचऱ्याच्या खाडीत होडी चालवणारा हा माणूस. सही तेवढी यायची, आणि तीच नडली. अंथरुणाला खिळलेल्या परशुरामने घर विधवा भावजयीच्या, विमलाच्या नावे केलं होतं. सात वर्षं त्याचं हगणं-मुतणं तिनेच काढलं होतं. परशुराम गेल्यावर आता मुंबईचा पुतण्या, दुसऱ्या भावाचा मुलगा गुरुदास म्हणत होता, मृत्युपत्राला साक्षच नीट झालेली नाही. आणि तो खोटं बोलत नव्हता, हीच पंचाईत.

सहीच्या दिवशी गणपतची बायको सावित्री जाऊन सहावा दिवस होता. सुतकातला माणूस आजाऱ्याच्या घरात पाय कसा टाकणार? तो बाहेर खळ्यात, घरापुढच्या अंगणातच बसला. दुसरे साक्षीदार शंकर मास्तर, त्यांनी परशुरामची सही झालेला कागद आतून आणून पुढ्यात ठेवला, याने तिथेच सही ठोकली. परशुराम माजघरात. ना त्याला हा दिसला, ना ह्याला तो.

तेव्हापासून दुपारची पेज गणपतला विमलाच आपल्या खळ्यात वाढायची. त्याला बोलायला तेवढं एकच माणूस उरलं होतं.

"सही करताना तुम्ही घरात होता?" आत कोर्टात न्यायाधीशसाहेबांनी विचारलं.

गणपतने विमलाकडे पाहिलं. हो म्हटलं तर तिचं छप्पर राहील. पण हो म्हणजे, बायकोचं सुतक मी पाळलं नाही, असं चारचौघांत सांगणं. जिवंतपणी त्याने सावित्रीला एक लुगडं धड घेतलं नव्हतं. तिच्यासाठी नीट केलेली अशी ही एवढीच गोष्ट होती.

"नाही साहेब," तो म्हणाला, आणि शुद्ध भाषा तिथेच संपली. "माका सुतक होतां. मी भायर खळ्यात होतंय."

वकिलांनी कपाळाला हात लावला.

परतताना खाडीपार होडी त्यानेच वल्हवली. होडीत विमला एकटीच.

"वैनी, तुमचां घर माज्यामुळे गेलां."

"सावित्रीचां सुतक तुमी मोडलां असतां, तर माजो हात पेज वाढूक उठलो नसतो."

महिन्याभराने निकाल लागला. विमला फोंडाघाटला भावाकडे निघून गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी गणपत सवयीने तिच्या खळ्यात येऊन बसला, सही केली होती त्याच जागी. सुतक केव्हाच फिटलं होतं. दाराला गुरुदासचं नवं कुलूप होतं.