शिरदाकावरचे आठ किलो

मैद्याचं पोतं. त्यावर निळा शिक्का, पन्नास किलो.

लग्नघरात पाच दिवस.

पाव, नखाएवढा, उंबरठ्यावर उभं राहून खाल्लेला.

डाव्या गुडघ्यात सुकं काहीतरी वाजतं.

मार्चची एकतीस तारीख.

मित्रांनो, या सगळ्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही असं तुम्हाला वाटेल. संबंध आहे, आणि तो माझ्यामार्फत आहे. मी एक जुना वजनकाटा आहे. हिरवा पत्रा, पाठीवर रबराची चटई, काचेखाली तबकडी, पोटात स्प्रिंग आणि चार तरफा. ज्या बाईने कारखान्यात मला जुळवलं, तिने माझ्यावर लोखंडी वजन ठेवलं, काटा बरोबर जागी थांबला, तिने मान डोलावली आणि मला खोक्यात घातलं. खोक्यावर चित्र होतं: पांढऱ्या फरश्या, नळ, टांगलेला टॉवेल. म्हणजे मी न्हाणीघरासाठी जन्मलो होतो.

नारीन या डोंगरातल्या शहराच्या वरच्या वस्तीत ज्या घरी मी आलो, तिथे अंघोळीची खोली अंगणापलीकडे होती. आठवड्यातून एकदा तापायची आणि वाफेने भरून जायची. तिथे ठेवला असता तर गंजून गेलो असतो. म्हणून मला बसायच्या खोलीत जागा मिळाली, शेगडी आणि कपाट यांच्या मधे, फळ्यांच्या जमिनीवर.

११२

हा माझ्यावरचा अनारकुलचा पहिला आकडा. ऑगस्ट महिना होता.

अनारकुल परिचारिका. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना घरोघर जाऊन इंजेक्शनं द्यायची. वस्ती डोंगराच्या अंगावर, त्यामुळे तिचं सगळं काम चढ-उताराचं. डावा गुडघा पार झिजला होता. वरच्या चार घरांना तिने जाणं सोडलं होतं आणि त्याची तिला लाज वाटायची. राजधानीतल्या, बिश्केकच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "गुडघा बदलू. पण आधी शंभराच्या आत या. यादी एकतीस मार्चला बंद होते. त्याआधी इथल्या काट्यावर उभं राहून दाखवा, नाहीतर पुढचं वर्ष."

पुढच्या वर्षापर्यंत हा गुडघा चालणार नव्हता. हे ती घरात कुणाला म्हणाली नाही, पण सगळ्यांना माहीत होतं. तिचा नवरा जोलदोश बाजारातून मला घेऊन आला तो त्यासाठीच.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. रोज पुसायचे मला. अनारकुल सकाळी उठली की माझ्यावर, चहा झाला की माझ्यावर, कामावरून आली की कोट काढून माझ्यावर. एकदा कानातलं काढून पुन्हा उभी राहिली. सासूबाई, बातमा आपा, शेगडीशी बसून बघत होत्या.

"किती घटलं कानातल्याने?"

"काटा हलला नाही, आपा."

"मग दात काढून बघ. हवे तर माझे देते, ते निघतात तरी."

मित्रांनो, दिवसातून सहा वेळा विचारलं की मी सहा वेगळी उत्तरं देतो, आणि सहाही खरी असतात. आमच्याकडे आलेल्या माणसाला पावाचा घास तोंडाला लावल्याशिवाय कुणी दाराबाहेर जाऊ देत नाही. घाई असली तरी नाही, पोट भरलेलं असलं तरी नाही. अनारकुल अकरा घरं फिरायची. अकरा घास, आणि घासाबरोबर चहा आलाच. दुपारी ती माझ्यावर उभी राहायची आणि काटा सकाळपेक्षा किलोभर पुढे असायचा.

"नखाएवढा तुकडा तोडला होता," ती म्हणायची. "त्याचा किलो झाला?"

तो किलो पावाचा नव्हता, चहाचा होता. रात्री उतरायचाच. पण तोवर तिने पावावर राग काढलेला असायचा, आणि संध्याकाळी काही न खाता पडून राहिलेली असायची.

तरी वजन उतरत होतं. सप्टेंबरात एकशे सात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला:

१०२

मग ती भाचीच्या लग्नाला गावी गेली. पाच दिवसांचं लग्न. उकडलेलं मांस, तळलेले पिठाचे गोळे, वर चरबीचं काप पाहुण्याच्या हातात स्वतः यजमान देणार. नाही म्हणायची सोय नाही.

ती नव्हती तेव्हा थंडी उतरली. बातमा आपांनी पेटाऱ्यावरची गुंडाळी सोडली आणि खोलीभर शिरदाक अंथरले. शिरदाक म्हणजे लोकर दाबून, शिवून केलेला जाड गालिचा, अंगठ्याच्या पेराएवढा. मला त्यांनी उचललं, शिरदाक घातला, मला पुन्हा त्याच कोपऱ्यात ठेवलं. अगदी जपून ठेवलं. अनारकुल आली, मोजे काढले आणि उभी राहिली.

११०

बराच वेळ ती उतरली नाही.

"पाच दिवसांत आठ किलो," ती म्हणाली.

"लग्न होतं," बातमा आपा म्हणाल्या. "एवढं चालायचंच."

एवढं चालत नाही, पाच दिवसांत माणसाच्या अंगावर आठ किलो चढत नाहीत, हे दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर अनारकुलने लगेच ओळखलं असतं. पण तिला चरबीचं ते काप आठवत होतं. आपली चूक आधीच कबूल केलेला माणूस मोजमाप तपासत नाही.

आता माझं ऐका. कडक जमिनीवर कुणी माझ्यावर उभं राहिलं की माझ्या पोटाचा पत्रा केसभर वाकतो. कारखान्यातल्या बाईने तो वाक धरूनच काटा लावला होता. शिरदाकाने मला खालून सगळीकडून उचलून धरलं. पत्रा वाकेना, काटा पुढे पळाला. मला हे तेव्हा कळलं नाही. काट्याला फक्त वरचं ओझं कळतं, खाली काय आहे ते नाही. मला वाटलं, मी खरंच सांगतोय.

डिसेंबरभर ती अर्धपोटी राहिली. एकशे सात. मग एकशे सहा. जानेवारीत एका सकाळी ती माझ्यावर चढली, उतरली, पुन्हा चढली, असं चार वेळा केलं. चारही वेळा एकशे सहा.

"पुरे," ती म्हणाली आणि मला पायाने कपाटाखाली सरकवलं. त्या दुपारी तिने पावावर सायीचा जाड थर लावून घेतला आणि शेजारणीला म्हणाली, "दुखू दे गुडघा. पोट तरी भरलेलं असेल."

कपाटाखाली मी दोन महिने होतो. धूळ, एक बटण, अक्रोडाचं टरफल. बाहेरून तिचा पाय ओढत चालल्याचा आवाज यायचा. त्याची गती रोज थोडी कमी व्हायची.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात शेवटचा मोठा बर्फ पडला. असा बर्फ पडला की आमच्याकडे सगळे शिरदाक अंगणात नेतात, बर्फावर पालथे घालतात आणि काठीने झोडतात. बर्फ काळा होतो, शिरदाक उजळतो. बातमा आपा कपाटाखाली झाडू घालत होत्या. त्यांनी मला बाहेर ओढलं, डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने पुसलं आणि उघड्या फळ्यांवर ठेवलं.

"ये, उभी राहा."

"नको, आपा."

"पाठ फिरवून कुणी हलकं होत नाही. ये."

१०१

"बिघडला," अनारकुल म्हणाली. "मी दोन महिने साय खातेय."

जोलदोश मैद्याचं पोतं खांद्यावर घेऊन नेमका आत आला. "खाली ठेवू नकोस," आपा म्हणाल्या, "ह्याच्यावर ठेव." त्याने तबकडी दिसेल असं बेताने ठेवलं. पन्नास, केसभर जास्त. शिक्काही पन्नासच सांगत होता.

"हा तर शहाणा आहे," जोलदोश म्हणाला.

आपांनी वाकून माझ्याखालच्या फळ्यांवर हात फिरवला. मग म्हणाल्या, "हिवाळ्यात हा कशावर होता?"

जोलदोशने अंगणातून एक शिरदाक ओढत आणला, मला त्यावर ठेवलं, माझ्यावर पोतं ठेवलं.

चोपन्न.

अनारकुल पोत्याशेजारी जमिनीवर बसली. गुडघा दुमडत नव्हता, म्हणून पाय लांब करून बसली. ओठ हलत होते, ती आकडे मोजत होती.

"जानेवारीत एकशे सहा दाखवत होता," ती म्हणाली. "पन्नासाला चार जास्त, तर माझ्या वजनाला सात-आठ किलो जास्त. म्हणजे मी अठ्ठ्याण्णव होते. मी तेव्हाच आत होते, आपा."

"शिरदाक मी घातला," बातमा आपा म्हणाल्या.

"तुम्हाला काय ठाऊक."

"मला नव्हतं ठाऊक. पण तू लोकांना सांगतेस, आधी बसा, दम घ्या, हात टेकवा, मग रक्तदाब घेते. स्वतःला मात्र केव्हाही, कशावरही मोजतेस. आणि दिवसातून सहा वेळा बघून सहा वेळा रडतेस."

अनारकुल हसली नाही, पण तिने नाकही मुरडलं नाही.

त्या दिवशी आपांनी फळ्यांवर माझ्याभोवती खडूने चौकट आखली. शिरदाक परत आला, पण चौकटीच्या अलीकडे थांबला. ठरलं ते असं: आठवड्यातून एकदा, सोमवारी, चहाच्या आधी, त्याच झग्यात. आधी माझ्या कडेचं छोटं चाक फिरवून काटा शून्यावर आणायचा. इतर दिवशी माझ्यावर फडकं. घरोघरचा पाव ती खात राहिली, नखाएवढाच. साय सुटली, चहातली साखर सुटली.

पहिला सोमवार शंभर आणि थोडं. दुसरा सोमवार पुन्हा तेवढंच. जोलदोशने आदल्या दिवशी खारवलेलं मांस आणलं होतं, आणि मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. अनारकुलने आकडा पाहिला, उतरली, फडकं घातलं आणि इंजेक्शनांची पिशवी उचलली. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला मिळालेला सर्वांत मोठा मान तो. तिने माझं ऐकलं आणि माझ्यामुळे दिवस नासवला नाही.

तिसऱ्या सोमवारी अठ्ठ्याण्णवच्या जरा वर.

गुरुवारी ती घाट ओलांडून बिश्केकला गेली. दुपारी फोन आला.

"इथला काटा नव्याण्णव म्हणतो, आपा."

"आपला तर अठ्ठ्याण्णव म्हणाला होता. खरं कुणाचं?"

"असू दे. दोन्ही काट्यांवर मी खालीच आलेय. नाव लिहिलं त्यांनी."

गुडघा बदलला, आणि आता वरच्या चार घरांना ती पुन्हा जाते. मी मात्र म्हातारा झालोय. रबर फाटलंय, स्प्रिंग सैल झालीय, पन्नासचं पोतं मी एकोणपन्नास सांगतो. दरवर्षी पोतं ठेवून ते माझी चूक मोजतात आणि तेवढी धरून चालतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. मित्रांनो, तुमच्या घरीही माझा कुणी भाऊबंद असेल. त्याला कडक, सपाट जमीन द्या. त्याच्यावर रोज चढू नका. रागात तर नकोच. एका सकाळचा आकडा म्हणजे तुम्ही नव्हे. चार आठवड्यांचे आकडे कुठल्या बाजूला चाललेत, तेवढंच आम्हाला खात्रीने सांगता येतं. आणि आकडा अचानक उडी मारून गेला, तर स्वतःला बोल लावण्याआधी एकदा आमच्या खाली बघा.

बिश्केकला निघाली त्या गुरुवारी सकाळी अनारकुलने माझ्यावर पाय ठेवला नव्हता.